प्रसूतीच्या तासाअलीकडे आणि पलीकडे

चाहूल बाळाची : लेखांक ९

मागच्या आठवड्यात आपण मुदतीआधीच्या प्रसूतीची लक्षणं पाहिली. आजचा विषय तिथूनच पुढे जातो. गर्भारपणात अनेकांच्या मनात तो असतो, पण ‘अशुभ कशाला बोला’ म्हणून कुणी काढत नाही. तो म्हणजे सेरेब्रल पाल्सी.

वाढत्या मेंदूला गर्भात, जन्मताना किंवा जन्मानंतरच्या पहिल्या काळात इजा झाली, तर हालचालींवरचा ताबा बिघडतो. कुणाचे पाय ताठ राहतात, कुणाची एकच बाजू अवघडते, कुणाचे हातपाय मनाविरुद्ध हलत राहतात. काहींना फिट्स येतात, काहींना बोलणं जड जातं. मेंदूतली इजा मात्र पुढे वाढत नाही. शरीर अवघडलं म्हणजे बुद्धीही कमी, असंही नाही. हजार बाळांमागे साधारण दोन ते तीन बाळांमध्ये ही अवस्था आढळते.

घरात सगळी भीती प्रसूतीच्या तासाभोवती गोळा झालेली असते : बाळ लगेच रडेल ना? १८६१ मध्ये लंडनच्या डॉ. विल्यम जॉन लिटल यांनीही या विकाराचा संबंध अवघड बाळंतपणाशी जोडला होता. १८९७ मध्ये सिग्मंड फ्रॉइड यांनी वेगळी शक्यता मांडली. तेव्हा ते मेंदूविकारांचे डॉक्टर होते. बिघाड गर्भातच झालेला असेल आणि बाळंतपण त्यामुळेच अवघड जात असेल, असं त्यांचं म्हणणं. पुढच्या संशोधनानं त्याला बराच आधार दिला. प्रगत देशांत सिझेरियन कितीतरी वाढली, पण सेरेब्रल पाल्सी त्या मानानं घटली नाही. आपल्याकडे जन्मताना गुदमरणं हे अजूनही मोठं कारण आहे, म्हणून जोखमीची प्रसूती नवजात अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयातच व्हावी. पण लक्ष तेवढ्यावरच थांबलं, तर हातातल्या इतर गोष्टी निसटतात.

प्रसूतीच्या अलीकडे पाहू. सेरेब्रल पाल्सी सांगणारी कोणतीही चाचणी गर्भारपणात नसते. सोनोग्राफी चांगली आली, तरी तेवढ्यावरून खात्री देता येत नाही. मात्र जोखीम कमी करता येते. रुबेलाची लस गर्भधारणेपूर्वीच घ्यायची असते. आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह आणि वडिलांचा पॉझिटिव्ह असेल, तर २८व्या आठवड्याच्या सुमारास अँटी-डी इंजेक्शनबद्दल विचारा. बाळ पॉझिटिव्ह निघालं, तर प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत ते पुन्हा द्यावं लागतं. प्रसूती फार लवकर होणार असं दिसलं, तर बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टेरॉइड आणि ३२ आठवड्यांच्या आत मेंदूच्या रक्षणासाठी मॅग्नेशियम सल्फेट देतात. त्यासाठी वेळेत पोहोचायला हवं. पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाताना सगळे रिपोर्ट सोबत न्या आणि तिथल्या डॉक्टरांना आधीच दाखवून ठेवा.

आता पलीकडे. नवजात कावीळ फार वाढली तर मेंदूला कायमची इजा होते, श्रवणही जाऊ शकतं. बाळंतिणीची खोली अंधारी ठेवण्याच्या पद्धतीत ही कावीळ नजरेतून सुटते. बाळाला रोज उजेडात नीट पाहा. पहिल्या २४ तासांत पिवळेपणा दिसला, तळहात-तळपाय पिवळे झाले किंवा बाळ दूध ओढेनासं झालं, तर लगेच रुग्णालय गाठा. कोवळं ऊन हा फोटोथेरपीला पर्याय नाही.

पुढे काही महिने बाळाच्या हालचालींकडे लक्ष असू द्या. पाचव्या महिन्यातही मान धरत नाही, मुठी घट्टच राहतात, लंगोट बदलताना पाय कात्रीसारखे आवळले जातात, वर्षाच्या आतच एकच हात वापरतं, या खुणा दाखवून घ्यायच्या असतात. ‘डावखुरा होणार’ किंवा ‘याचे बाबाही उशिराच चालले’ असं म्हणून थांबू नका. जाणकार तज्ज्ञ आता सहा महिन्यांच्या आतही निदान करू शकतात. लहान वयात मेंदू नवं शिकायला सर्वाधिक तयार असतो, म्हणून उपचार तेव्हाच सुरू व्हावेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्ह्याच्या ठिकाणी शीघ्र हस्तक्षेप केंद्रं उभारली आहेत. आशाताईंकडे त्याची चौकशी करा.

ग्रहणात आईनं भाजी चिरली, घराबाहेर पडली म्हणून बाळ असं झालं, हे बोलणं निखालस खोटं आहे. अनेकदा नेमकं कारण कधीच सापडत नाही. अशा वेळी तिला बोल लावला, तर बाळाला सर्वाधिक लागणारं माणूसच खचतं. मालिनी चिब यांना जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. त्यांच्यासाठी शाळा मिळेना, तेव्हा आई मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये मुंबईत अशा मुलांसाठी संस्था आणि शाळा उभी केली. मालिनी पुढे परदेशात उच्चशिक्षण घेऊन लेखिका झाल्या. प्रत्येक मूल इतकं पुढे जाईलच असं नाही, पण प्रत्येकाला सुरुवात वेळेवर मिळायला हवी. बाळाबद्दल शंका आली, तर ‘कुणाचं चुकलं’ ही चर्चा घरात होऊच देऊ नका. तो वेळ बाळाच्या तपासणीला द्या.

(पुढील आठवड्यात : नवजात बाळाची कावीळ)