कातरणीत जाणारा कागद

वास्कोचा श्री दामोदर भजनी सप्ताह श्रावण शुद्ध षष्ठीस सुरू होतो. १८९९ पासूनची ही परंपरा. सप्ताहामागून चवथ येते, मग पेडणे-डिचोलीकडच्या जत्रा आणि दशावतारी नाटके, त्यापाठोपाठ लग्नसराई. हस्तपत्रके, कार्यक्रमपत्रिका, स्मरणिका आणि आमंत्रणे यांच्या छपाईला या काळात खळ नसतो. उत्सव आटोपला की यांतील बराचसा कागद केरात जातो, हे आपण सारेच पाहतो आणि हळहळतो. परंतु नासाडीचा एक मोठा भाग त्याआधीच, पत्रिका कोणाच्याही हाती पडण्यापूर्वी, झालेला असतो. तो होतो आराखडा करणाऱ्याच्या टेबलावर.

छापखान्यातील एक नेहमीचा ताव २३ बाय ३६ इंचांचा असतो. संगणकापुढे बसलेला आराखडाकार सवयीने ए-फोर हा आकार निवडतो. तो ८.२७ बाय ११.६९ इंचांचा. अशी दोन पाने एकावर एक उभी ठेवली की उंची २३.३८ इंच भरते, म्हणजे तावाहून अर्ध्या इंचापेक्षाही कमी अधिक! तेवढ्यासाठी एका तावातून एकाच दिशेने सहाच पाने निघतात. आडवी-उभी मांडून कितीही खटपट केली तरी सातांवर आठवे बसत नाही. उरलेला कागद कातरणीत जातो. तेच पान उंचीला सव्वाअकरा इंच ठेवले तर आठ पाने सुखाने बसतात. हजार पत्रकांना पहिल्या रीतीने १६७ ताव लागतील, दुसऱ्या रीतीने १२५. पत्रक लहान झाले असे वाचणाऱ्याच्या ध्यानीही येणार नाही. ए-फोरचाच आग्रह असेल तर २५ बाय ३६ चा ताव मागवावा, त्यात आठ पाने बसतात. पण मागवायचे कोणी? गिऱ्हाईक रंग विचारतो, सोनेरी अक्षरे विचारतो. ताव कोणता, हे विचारीत नाही.

ए-फोरच्या आकाराला आम्ही नावे ठेवीत नाही. १९२२ साली जर्मनीत ठरलेल्या त्या मापांचे गणित मोठे सुबक आहे: मूळ ताव एक चौरस मीटरचा, आणि कितीही वेळा मधोमध दुमडला तरी लांबी-रुंदीचे प्रमाण तेच. मात्र पान त्या कुळातले आणि ताव इंचांच्या कुळातला, अशी सोयरीक जुळवली की नुकसान ठरलेलेच. स्मरणिकांचीही गोष्ट निराळी नाही. सोळा पानांचा फर्मा धरला तर ६४ पानांचे चार फर्मे नेमके होतात. शेवटच्या दिवशी आलेल्या दोन शुभेच्छांच्या जाहिरातींसाठी ६८ पाने करणारे संपादक मंडळ वर्गणीदारांच्या पैशांतून चार पानांसाठी वेगळी छपाई आणि वेगळी बांधणी विकत घेत असते.

कागद जपणारी मांडणी बेढब असते, असा एक समज आहे. अंतर्देशीय पत्र आठवून पाहावे. १९५० साली टपालखात्याने आणलेल्या त्या निळ्या कागदात पत्रही तेच आणि पाकीटही तेच. तीन घड्या घातल्या, कडा चिकटवल्या, झाले काम. दुसरे उदाहरण तर बहुतेकांच्या भिंतीवर टांगलेले आहे. मालवणचे जयंत साळगावकर यांनी १९७३ साली 'कालनिर्णय' काढले. महिन्याच्या पानाची कोरी राहणारी पाठ त्यात पाककृती आणि लेखांनी भरली. पंचांगासाठी घेतलेले पान लोक उलटून वाचू लागले, हे त्या मांडणीचे यश.

याउलट आजच्या लग्नपत्रिका पाहाव्यात. जाड पुठ्ठा, त्यावर प्लास्टिकचा तकतकीत पापुद्रा, आत आणखी दोन पाने आणि या सर्वांना पुन्हा पाकीट. साधा छापील कागद रद्दीवाल्याकडे गेला तर त्याचा पुन्हा लगदा होतो. प्लास्टिक चिकटवलेल्या कागदाचे ते होणे कठीण, म्हणून तो घ्यायला सहसा कोणी राजी नसतो. कागद वाचवला म्हणून चौकाचौकांत फ्लेक्सचे फलक लावणाऱ्यांनीही फुशारकी मारू नये; तेही प्लास्टिकच.

१९७२ साली पणजीत सुरू झालेल्या गोवा कला महाविद्यालयात उपयोजित कला शिकवली जाते. तेथील विद्यार्थ्यांना अक्षरांच्या वळणांबरोबर तावाचे माप आणि कातरणीचे वजनही शिकवावे. देवनागरीला वर मात्रा, खाली उकार. ओळींमधले अंतर रोमनच्या मापाने ठरवून चालत नाही. हे जाणणारा मांडणीकार डोळ्यांना त्रास न देता पाने कमी करू शकतो.

मंडळांनी एवढे तरी करावे. यंदाच्या कार्यक्रमपत्रिकेचे काम देताना छापखान्याकडे तीनच प्रश्न लिहून द्यावेत: ताव कोणत्या मापाचा, त्यातून पाने किती निघणार, आणि कातरणीत किती जाणार? उत्तरे आल्यावर मगच आकार पक्का करावा. छापखानेवाल्यांना ही उत्तरे तोंडपाठ असतात.