भगवंताचे मंदिर हेमाडपंताने बांधले का?

बार्शीत भगवंत मंदिराचा विषय निघाला की हमखास ऐकू येते : हे हेमाडपंताने बांधले, तेही चुना न वापरता. यातला हेमाडपंत आधी तपासू.

मंदिराचा काळ इ.स. 1245 सांगतात. तेव्हा देवगिरीच्या गादीवर सिंघण यादव होता. हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत, श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या दप्तराचा प्रमुख, म्हणून नावारूपाला आला तो महादेव आणि रामचंद्र यादवांच्या कारकिर्दीत. महादेवाचे राज्य सुरू झाले 1261च्या सुमारास. म्हणजे हेमाडपंताच्या हाती अधिकार येण्याआधीच भगवंताचे मंदिर उभे होते. अंबरनाथचे शिवमंदिर तर आणखी जुने. तिथला शिलालेख शके 982चा, म्हणजे 1060चा. तरी तेही हेमाडपंतीच म्हणवले जाते!

हेमाद्रीचे खरे मोठेपण ‘चतुर्वर्गचिंतामणी’ या ग्रंथात आहे. व्रते, दाने, तीर्थे हा त्याचा विषय. आणि बार्शीच्या भगवंताची कथाही व्रताचीच. एकादशीचे व्रत करून द्वादशीला पारणे करणाऱ्या अंबरीष राजावर दुर्वास कोपले, तेव्हा विष्णू, म्हणजे हाच भगवंत, त्याच्या पाठीशी उभा राहिला. बार्शीकरांनी हेमाद्रीशी नाते सांगायचेच, तर ते इथे सांगावे.

आता चुन्याचे. चुना नाही म्हणजे दगडावर दगड नुसता रचला, असे नव्हे. या घडणीत कमान नसते. खांब आणि तुळया असतात. त्यामुळे भिंतीला बाजूने रेटा बसत नाही, भार सरळ खाली उतरतो. दगडाचे तोंड टाकीने इतके सपाट करायचे की सांधा घट्ट मिटावा. जिथे सरकण्याची भीती, तिथे एका दगडाचा उंचवटा दुसऱ्याच्या खाचेत बसवायचा. छताला चारही कोपऱ्यांवर तिरक्या शिळा टाकत मधला मोकळा चौक लहान करत न्यायचा आणि शेवटी एका शिळेने झाकायचा. वरचे वजनच खालचे सांधे धरून ठेवते.

ही जाण दरबारी हुकमातून येत नाही, पिढ्यान्‌पिढ्या टाकी चालवणाऱ्या पाथरवटांच्या हातात असते. त्यांची नावे उरली नाहीत. म्हणून त्यांचे काम एका प्रधानाच्या नावे चढलेले मला सलते.

एकाच थोर माणसामुळे मंदिर टिकले, हाही असाच समज. देवस्थानाला नानासाहेब पेशव्यांनी 1760 मध्ये इनाम दिले. पुढे 1823 मध्ये कंपनी सरकारने आणि 1874 मध्ये इंग्रज सरकारनेही सनदा दिल्या. कारभार गावच्या पंचांकडे राहिला.