तेल किती, कुठलं आणि कोणाच्या ताटात?

मैत्रिणींनो, बैठकीत आरोग्याचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "तेल बंद करायला सांगितलंय." कोणाला सांगितलं? तर सासऱ्यांना. पण एका कढईत सगळ्यांची भाजी होते, त्यामुळे बिनतेलाचं सगळ्यांनाच. आणि भाजी तेलाची असेल तेव्हा वरची तरी आधी जेवणाऱ्यांच्या ताटात जाते, तळाचा रस्सा शेवटी बसणाऱ्या बाईला. म्हणून या वेळी तेलाबद्दल जरा सविस्तर लिहिते.

तेल-तूप शरीराला लागतंच. एक ग्रॅम तेलातून 9 कॅलरी मिळतात, पिष्ट किंवा प्रथिनांतून 4. भाज्यांतलं अ जीवनसत्त्व अंगी लागायलाही स्निग्ध पदार्थ हवा, म्हणून मेथी-शेपूला फोडणी द्यायचीच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2010 मध्ये दिलेल्या प्रमाणानुसार बसून काम करणाऱ्या बाईला दिवसाला 20 ग्रॅम तेल-तूप पुरतं, जड कष्ट करणारीला 30 ग्रॅम. म्हणजे चहाच्या चमच्याने चार ते सहा चमचे. अंगावर पाजणाऱ्या आईलाही 30. दिवसभर खुरपणी करणारी बाई आणि दुकानात बसणारा माणूस यांची गरज एक नाही, हे घरात बोलून दाखवा.

सगळ्यात जास्त गरज लहान लेकराला. सहा महिन्यांनंतर वरचं खाणं सुरू होतं तेव्हा पोट एवढंसं असतं. वरणाच्या पाण्याने ते भरतं, पण वजन वाढत नाही. घट्ट वरणभात कुस्करून त्यात चमचाभर तूप किंवा गोडेतेल घाला. तूप महाग पडत असेल तर तेलही चालतं, त्यात कमीपणा नाही. दोन वर्षांच्या आतल्या मुलाचं तेल-तूप कमी करायचं नाही.

आता हिशोब. तो तर आपल्याला येतोच! पिशवी फोडली की तिच्यावर तारीख लिहा. पाच माणसांच्या घरात महिन्याला साधारण साडेतीन-चार किलो तेल पुरे. त्यात तुपाचा आणि दाण्याच्या कुटाचाही विचार करा, कारण शेंगदाण्यात जवळजवळ निम्मं तेलच असतं. भाजीत मूठभर कूट पडला तर पळीतलं तेल थोडं कमी चालतं. पिशवी घेताना वजनही बघा. एक लिटर तेल साधारण 910 ग्रॅम भरतं, पण काही पिशव्या दिसायला तेवढ्याच आणि आत माल कमी असतो.

पिशवीवर 'कोलेस्टेरॉल नाही' असं मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं. कुठल्याच वनस्पतीच्या तेलात कोलेस्टेरॉल नसतं, त्यामुळे त्यासाठी जादा पैसे मोजू नका. लाकडी घाण्याचं तेल वासाला, चवीला छान, आपल्या काही गटांचा तो धंदाही आहे; पण कॅलरी त्यातही तेवढ्याच. परवडत असेल तर घ्या, मोजून वापरा. शेंगदाणा, करडई, सूर्यफूल, सोयाबीन अशी तेलं आलटून पालटून आणा. वनस्पती तूप मात्र टाळलेलंच बरं.

वडे-भजी विकणाऱ्या ताईंनी हे नीट वाचा. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवलं की काळपट, दाट होतं, फेस येतो, लवकर धुरावतं. असं तेल हृदयाला घातक. त्यात रोज नवीन तेल ओतून 'वाढवणं' हा त्यावर उपाय नाही. धंदेवाईकांसाठी 1 जुलै 2018 पासून याचा नियमही आहे. घरी एकदा तळलेलं तेल गाळून एक-दोन दिवसांत फोडणीला संपवा, पुन्हा तळायला नको. तेल फेकायचं जिवावर येतं, हे खरं आहे. म्हणून कढई लहान घ्या.

जवसाबद्दल पुष्कळ जणी विचारतात. जवसात ओमेगा-3 नावाचा चांगला स्निग्ध घटक असतो. अख्खं गिळलं तर तसंच बाहेर पडतं, म्हणून भाजून, कुटून चटणी करा. भाकरीबरोबर रोज एक-दोन चमचे खा. विदर्भात तर ही चटणी जुनीच आहे. मात्र जवस खाते म्हणून बीपीची गोळी बंद करायची नाही. 'नैसर्गिक आहे, गोळ्या सोडा' असं सांगून कोणी गावात महागडी बाटली विकत असेल, तर आधी आशाताईंना दाखवा. वयाची तिशी ओलांडलेल्या प्रत्येकीची बीपी-शुगर तपासणी उपकेंद्रात मोफत होते.

पुढच्या बैठकीला घरातली तेलाची रिकामी पिशवी धुऊन घेऊन या. मागची बारीक अक्षरं मिळून वाचू. कोणत्या पिशवीत पामोलिन मिसळलंय, तेही तिथेच कळेल.