माती ओळखणारी झाडे : शालेय परिसरातील सामूहिक बागेविषयी

शाळा, वसतिगृह आणि विहार यांच्या परिसरात काय लावावे, हा प्रश्न वरवर पाहता सौंदर्यदृष्टीचा वाटतो. वास्तविक तो पाण्याचा, सावलीचा आणि श्रमाचा प्रश्न आहे. संस्थेच्या वर्धापनानिमित्त माजी विद्यार्थी व पालक एकत्र जमतात, देणगी उभी राहते, आणि बहुधा पहिली सूचना येते ती प्रवेशद्वाराशी हिरवळ करण्याची व रस्त्याच्या दुतर्फा शोभेचे पाम लावण्याची. या सूचनेमागील प्रेमाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तथापि पूर्णेसारख्या गावी ही शोभा कोणाच्या वाट्याच्या पाण्यावर उभी राहणार, हे आधी पाहणे आम्हांस आवश्यक वाटते.

हिशेब साधा आहे. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी दिले की एक लिटर खर्च होतो. कडक उन्हाळ्यात हिरवळीस दिवसाला ५ मिलिमीटर पाणी धरले (आणि हे प्रमाण आमच्याकडील वैशाखाच्या मानाने कमीच आहे), तरी १००० चौरस फुटांच्या हिरवळीस रोज सुमारे ४६५ लिटर पाणी लागते. जलजीवन मिशनने ग्रामीण भागात माणशी दिवसाला ५५ लिटर हे प्रमाण ठरविले आहे. म्हणजे आठ मुलांचे पाणी रोज गवतास द्यावे लागेल. याउलट ४० देशी रोपांशेजारी १० लिटरचे एकेक मडके पुरले व ते चार दिवसांनी भरले, तर दिवसाची सरासरी १०० लिटर पडते. आणि दोन-तीन उन्हाळे निघाल्यावर त्यांतील बहुतेक झाडांस तेही द्यावे लागत नाही. हिरवळीचा खर्च मात्र कधीच संपत नाही.

अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावलेली पूर्णा नदी आपल्याच तालुक्यात गोदावरीस मिळते. या खोऱ्यातील जमीन काळी, खोल, कपाशी-ज्वारीची. पाऊस वर्षाकाठी सरासरी ९०० मिलिमीटरच्या आसपास. पण तो चार महिन्यांत येतो आणि उरलेले आठ महिने आकाश कोरडे असते. अशा ऋतुमानास सरावलेली वनस्पती म्हणजे पळस, बहावा, कडुलिंब, करंज, बाभूळ, हिवर, आपटा, बोर, उंबर, शिरीष, ओढ्याकाठी अर्जुन व जांभूळ, बांधावर निरगुडी आणि तरवड. उन्हाळ्यात पाने गाळणे, मुळे खोल नेणे, पहिल्या सरीबरोबर उगवणे या गोष्टी त्यांस कोणी शिकवाव्या लागत नाहीत.

येथे एक खुलासा करावासा वाटतो. परक्या मुलखातून आली म्हणून एखादी वनस्पती हीन ठरविणे आमच्या मनात नाही; जन्मस्थानावरून योग्यता ठरविण्याची रीत ज्यांनी सोसली, त्यांनी ती झाडांस तरी का लावावी? आपल्या ताटातील मिरची, टोमॅटो व बटाटा अमेरिका खंडातून आले. सीताफळ व पेरूही तिकडचेच. चिंच आफ्रिकेतून येऊन इतकी जुनी झाली की तिला परकी म्हणणेच विचित्र वाटेल. सम्राट अशोकाने तर आपल्या दुसऱ्या शिलालेखात, माणसांना व जनावरांना उपयोगी अशा औषधी वनस्पती जेथे नव्हत्या तेथे त्या आणवून लावल्याची नोंद करून ठेवली आहे. प्रश्न येणाऱ्याच्या कुळाचा नसून त्याच्या वागणुकीचा आहे. घाणेरी आणि सुबाभूळ यांनी माळरानावरील इतरांची जागा बळकावली. १९५० च्या दशकात पुण्याच्या परिसरात लक्षात आलेले गाजरगवत आज प्रत्येक बांधावर आहे, आणि त्वचेच्या व श्वासाच्या विकारांस कारण होते. ते फुलावर येण्यापूर्वी, हातमोजे घालून, मुळासकट उपटावे.

नावांचा घोटाळाही दूर करावयास हवा. शाळांच्या कुंपणालगत सरळसोट वाढणारे, खाली झुकलेल्या लांब पानांचे जे झाड ‘अशोक’ म्हणून विकले जाते, ते खरा अशोक नव्हे. खरा तो सीता-अशोक. त्याची फुले केशरी-तांबडी, झुपक्यांनी खोडाफांद्यांवर येणारी, आणि त्यास ओलावा व थोडी सावली लागते. पूर्णेत तो लावावयाचाच असेल तर न्हाणीघराच्या सांडपाण्याजवळ, इमारतीच्या आडोशाला लावावा. साल वृक्षाविषयीही असेच. भगवान बुद्धांच्या जन्माशी व महापरिनिर्वाणाशी जोडलेला हा वृक्ष हिमालयाच्या पायथ्याचा आणि मध्य-पूर्व भारतातील वनांचा आहे. मराठवाड्याच्या काळ्या मातीत तो आपण होऊन वाढत नाही. श्रद्धेने आणलेले रोप दोन वर्षांत वाळले, तर त्यात श्रद्धेचा दोष नाही, मातीचाही नाही. श्रीलंका व थायलंडमधील अनेक विहारांत साल म्हणून जो पूजिला जातो तो तर कैलासपती, म्हणजे दक्षिण अमेरिकेतील झाड. बोधिवृक्षाच्या बाबतीत मात्र आपण भाग्यवान आहोत: पिंपळ येथलाच आहे, भिंतीच्या फटीतही उगवतो. तेथून तो अलगद सोडवून आणावा, आणि कोणत्याही बांधकामापासून निदान ४० फूट दूर लावावा.

स्थानिक झाडाचे खरे मोल त्याच्याभोवती जमलेल्या गोतावळ्यात असते. उंबराचे उदाहरण पाहावे. उंबराची फुले फळाच्या आत दडलेली असतात. एका विशिष्ट जातीची सूक्ष्म गांधीलमाशी लहानशा छिद्रातून आत शिरते, अंडी घालते आणि त्याच वेळी परागीभवन करते. ती माशी नसेल तर उंबरास बी धरणार नाही. उंबर नसेल तर त्या माशीचा वंश राहणार नाही. पिकलेल्या उंबरांवर बुलबुल, साळुंक्या, वटवाघळे येतात. महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियालही वड, पिंपळ व उंबराच्याच फळांवर जगतो. पळस फाल्गुनात पाने गाळून फुलतो, तेव्हा शिवारात दुसरे फारसे काही फुललेले नसते आणि मधासाठी पाखरांची त्यावर गर्दी होते. बेल, लिंबू व कढीपत्ता यांच्या पानांवर एका सुंदर काळ्या-पिवळ्या फुलपाखराच्या अळ्या वाढतात. कढीपत्त्याची पाने कुरतडलेली दिसली की फवारणीचा पंप शोधण्याआधी मुलांना ती अळी दाखवावी. जीवशास्त्राचा एक धडा तेथेच पुरा होतो. मादागास्करहून आलेला गुलमोहर दिसतो देखणा, पण येथील फार थोड्या जिवांशी त्याचे नाते जुळले आहे, शिवाय वादळात त्याच्या फांद्या लवकर मोडतात.

आता ‘सामूहिक’ या शब्दाकडे वळू. रोपे लावणे अवघड नाही. राज्य शासनाने २०१६ मध्ये २ कोटी, २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी वृक्षलागवडीचे संकल्प केले. अशा मोहिमांतून खड्डा आणि छायाचित्र दोन्ही पुष्कळ मिळतात. कठीण असते ते नंतरचे हजार दिवस. शेजारच्या बीड जिल्ह्यात पालवणच्या उजाड डोंगरावर सह्याद्री देवराईच्या कार्यकर्त्यांनी देशी झाडे वाढविली, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये तेथेच वृक्षसंमेलन भरले. ते शक्य झाले ते झाडांकडे वर्षानुवर्षे येत राहणाऱ्या माणसांमुळे.

निवासी शाळेची अडचण तर आणखी वेगळी आहे. जून ते मार्च शेकडो हात उपलब्ध असतात. एप्रिल संपला की मुले गावी जातात, आणि रोपांना पाण्याची सर्वाधिक गरज नेमकी तेव्हाच असते. म्हणून बागेची जबाबदारी केवळ विद्यार्थ्यांवर टाकणे व्यर्थ होय. पूर्णा शहरात राहणारे पालक, रेल्वेतील व शेतीतील माजी विद्यार्थी, आसपासच्या वस्तीतील बंधू-भगिनी यांनी मे महिन्याचे चार आठवडे आपसांत वाटून घेतले, तरच रोप जगेल. पाच कुटुंबांनी आठ-आठ मडकी सांभाळावयाची, इतकेच काम आहे. आमच्या मते रोख देणगीपेक्षा ही देणगी मोठी आहे, आणि स्मृतिफलकापेक्षा टिकाऊही.

लागवडीची रीत थोडक्यात अशी. खड्डे दोन फूट लांब, रुंद व खोल. ते उन्हाळ्यातच खणून तापू द्यावेत. काळी माती पावसात पाणी धरून ठेवते व उन्हाळ्यात भेगाळून बारीक मुळे तोडते. यासाठी भरताना मुरूम व कुजलेले शेणखत मिसळावे, रोप किंचित उंचवट्यावर बसवावे आणि बुंध्याभोवती पालापाचोळ्याचे जाड आच्छादन द्यावे. झाडलेला पाला पेटवून देण्याची आपल्याकडील सवय या एका कारणासाठी तरी सुटावयास हवी. पाण्याचे मडके बिनरोगणाचे, कच्च्या-पक्क्याच्या मधले, सहज पाझरणारे असावे. ते रोपापासून वीतभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरून तोंडावर झाकण ठेवावे, नाही तर डास होतात.

परसबागेस वेगळी जागा द्यावी. शेवगा, हादगा, अंबाडी, अळू, तांदुळजा, घोळ, कर्टुली यांना फारसे लाड लागत नाहीत. तरोटा तर पहिल्या पावसात न पेरता येतो. या भाज्या एके काळी दारिद्र्याच्या खुणा मानल्या गेल्या. आता शहरांतील रानभाज्या महोत्सवांत त्यांसाठी रांगा लागतात. रानातील वाणाचे मोल परभणीच्या कृषी विद्यापीठाने फार पूर्वी ओळखले होते. भेंडीवरील केवडा रोगास तोंड देणारी, देशभर पेरली गेलेली ‘परभणी क्रांती’ ही जात लागवडीच्या भेंडीचा तिच्या एका रानटी नातलगाशी संकर करूनच निर्माण झाली.

एक सावधगिरी मात्र कटाक्षाने पाळावी. देशी म्हणजे निरुपद्रवी असे नव्हे. कण्हेरीचा प्रत्येक भाग विषारी आहे. धोतरा व गुंजेचे बीही तसेच. रुईचा चीक डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते. लहान मुले राहतात त्या आवारात यांना स्थान नको. कुंपणाबाहेर ती आपली आपण वाढतातच. रानभाजी प्रथम खुडताना ती ओळखणारी वडीलधारी बाई किंवा गडी जवळ असावा.

बियाण्यासाठी पैसा लागत नाही, वेळेचे भान लागते. लिंबोळीची उगवणशक्ती काही आठवड्यांतच संपते, म्हणून ती पडताच गोळा करून पेरावी. पळसाचे बीही ताजेच लावावे. बहाव्याच्या बियांचे कवच कठीण. त्या गरम पाण्यात रात्रभर भिजवाव्या लागतात. बाभळीचे बी शेळ्यांच्या पोटातून गेलेले अधिक चांगले रुजते, तेव्हा एखाद्या मेंढपाळाच्या वाड्यातील लेंड्यांचे पोते मागून आणावे. बहाव्याच्या शेंगा सध्या झाडांवरच आहेत. ज्यांच्या गावी बहावा आहे त्यांनी येताना चार शेंगा आणाव्यात व कार्यालयात गावाच्या नावाची चिठ्ठी लावून ठेवाव्यात.