सुक्याबरोबर ओलेही

तंबाखूवरील कराला सहसा कोणी विरोध करीत नाही. साखर, रम आणि तंबाखू या वस्तू जीवनावश्यक नाहीत, पण सर्वत्र खपतात, म्हणून त्या करास अत्यंत योग्य होत, असे अॅडम स्मिथने १७७६ सालीच प्रतिपादिले होते. पुढे वैद्यकशास्त्राने तंबाखूचे दुष्परिणाम निर्विवाद सिद्ध केले आणि या कराला महसुलाबरोबर लोकारोग्याचेही अधिष्ठान लाभले. तथापि हेतू चांगला असला म्हणजे कराची रचनाही चांगली असतेच असे नाही. अमेरिकेतील पाइप ओढणाऱ्या मूठभर शौकिनांवर जो प्रसंग आला, तो या दृष्टीने उद्‌बोधक आहे.

गरीब कुटुंबांतील मुलांच्या आरोग्यविम्यासाठी पैसा उभा करावा म्हणून अमेरिकेने २००९ साली तंबाखूवरील केंद्रीय कर वाढविले. तोपर्यंत पाइपची तंबाखू आणि हाताने सिगारेट वळण्याची सुटी तंबाखू या दोहोंवर पौंडामागे सुमारे १ डॉलर १० सेंट असा सारखाच कर होता. १ एप्रिल २००९ पासून सिगारेटच्या तंबाखूवर तो २४ डॉलर ७८ सेंट झाला; पाइपच्या तंबाखूवर मात्र २ डॉलर ८३ सेंटच राहिला. या दोन वस्तूंमधील भेद कायद्याने कशावर ठरविला होता? तंबाखूचे रूप, प्रकार, वेष्टन आणि त्यावरील लेबल पाहता ती कोणत्या उपयोगासाठी विकली वा घेतली जाईल, यावर. लेबल तर उत्पादकाच्याच हातात!

व्हायचे तेच झाले. सिगारेटची तंबाखू ‘पाइप तंबाखू’ या नावाने मोठमोठ्या पिशव्यांतून बाजारात आली. अमेरिकी काँग्रेसच्या हिशेबतपासणी कार्यालयाने २०१२ साली दिलेल्या अहवालातील आकडे बोलके आहेत. जानेवारी २००९ मध्ये पाइपच्या तंबाखूचा मासिक खप सुमारे २ लाख ४० हजार पौंड होता. सप्टेंबर २०११ मध्ये तो ३० लाखांवर गेला. याच काळात वळण्याच्या तंबाखूचा खप सुमारे २० लाखांवरून ३ लाख १५ हजार पौंडांवर घसरला. देशात एकाएकी पाइपची आवड बोकाळली होती असे नव्हे. धूर तोच होता, नाव तेवढे बदलले होते. या नामांतरापायी आणि तत्सम पळवाटांपायी अडीच वर्षांत सरकारचे ६१.५ कोटी ते ११० कोटी डॉलर बुडाले, असा त्या अहवालाचा अंदाज आहे.

खऱ्या पाइप शौकिनाचा या उलाढालीशी काडीचाही संबंध नव्हता. लुइझियानातील सेंट जेम्स परगण्यात पिंपांत दाबून आंबविलेली पेरीक किंवा धुरावर वाळविलेली लताकिया यांची मिश्रणे तो दोन-दोन औंसांच्या डब्यांतून घेतो आणि ती मुरावीत म्हणून वर्षानुवर्षे जपून ठेवतो. परंतु गळती बुजविण्याची वेळ आली तेव्हा पहिला घाव त्याच्यावरच येऊ घातला. सप्टेंबर २०२१ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या अर्थविषयक समितीने सिगारेटवरील कर दुप्पट करून पाइपच्या तंबाखूलाही त्याच पातळीवर, म्हणजे पौंडामागे ४९ डॉलर ५६ सेंटांवर, आणण्याचा प्रस्ताव केला. ही वाढ साडेसतरापट होती. दोन औंसांच्या डब्यावरील ३५ सेंटांचा कर त्यामुळे ६ डॉलर २० सेंटांच्या घरात गेला असता. पुढे ते कलम विधेयकातून वगळले गेले. मात्र करसमानतेची मागणी संपलेली नाही.

पाइप निरुपद्रवी आहे, असा याचा अर्थ कोणी काढू नये. पाइपमुळेही तोंडाचा कर्करोग होतो, आणि शौक म्हणून कुणाला करमाफी मागता येणार नाही. प्रश्न न्यायाचा आहे. जी दरी विधिमंडळाने निर्माण केली आणि ज्या दरीचा लाभ उत्पादकांनी उठविला, तिची किंमत ज्याचे संख्याबळ नगण्य आहे अशा तिसऱ्याच गटाने का मोजावी?

कराच्या दरांत भेद ठेवायचाच तर तो वस्तूच्या अंगभूत गुणावर आधारलेला हवा. आपल्याकडे सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने सिगारेटवर ४० टक्के, तर विडीवर १८ टक्के कराची शिफारस केली. आरोग्याच्या दृष्टीने हा भेद समर्थनीय आहे की नाही, हा वेगळा वाद आहे. पण टेंभुर्णीच्या पानाची विडी आणि कागदाची सिगारेट यांतील फरक कोणाही निरीक्षकाला डोळ्यांनी दिसतो. केवळ लेबल बदलून सिगारेटची विडी होत नाही. अमेरिकेतील भेदाला असा आधारच नव्हता. पाइपची तंबाखू सामान्यतः जाड कापलेली आणि दमट असते हे खरे. पण दमट तंबाखू घरी वाळविता येते.

यावर एक उपाय सुचतो. सवलतीचा दर केवळ दोन औंसांपर्यंतच्या सीलबंद डब्यांना द्यावा आणि मोठ्या पिशव्यांवर सिगारेटइतकाच कर बसवावा. शौकिनाला लहान डबाच चालतो. सिगारेट वळणाऱ्याला मात्र डब्याडब्यामागचा वेष्टनखर्च परवडणार नाही. अशा रीतीने ग्राहक आपली वर्गवारी आपणच करील. ही योजना पुरेशी ठरणार नसेल, तर दर समान करावेत, पण टप्प्याटप्प्याने. एकाएकी केलेली मोठी वाढ आधीच जाहीर झाली की लोक साठे करतात, आणि मुरविलेल्या तंबाखूच्या शौकिनाला तर ते अधिकच सोपे असते. मग महसूलही हाती लागत नाही आणि सेवनही घटत नाही.

सुक्याबरोबर ओलेही जळते, असे आपण म्हणतो. वणव्याला ओले-सुके कळत नाही. कायद्याला ते कळले पाहिजे. कर बसविताना वस्तूचे नाव पाहणारा कायदा पळवाट काढणाऱ्याला सापडू शकत नाही आणि सरळमार्गी माणसाला सोडू शकत नाही. दर किती असावा हे ठरविण्यापूर्वी तो नेमका कशावर आहे हे निश्चित करणे, ही चांगल्या करव्यवस्थेची पहिली अट होय.