सशाची कोरडी त्वचा आणि हिरवा भाजीपाला

जबलपूर येथे मे महिन्यात तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर जाते व हवा अत्यंत शुष्क होते. अशा दिवसांत घरी पाळलेल्या सशाच्या केसांत कोंडा दिसू लागला की त्याचे कारण सामान्यतः उन्हाळ्यात शोधले जाते, आणि उपाय म्हणून त्यास भाजीपाला अधिक घालतात. या उपायात तथ्य आहे; परंतु ते पुरते नाही.

पालेभाजीत शेकडा ९० च्या आसपास पाणी असते. वाडग्यातील पाणी तापले की ससा ते कमी पितो. तेव्हा धुऊन ओलीच ठेवलेली कोथिंबीर, मेथी, पुदिना अथवा गाजराचा पाला त्याची तहान काही अंशी भागवितो. गडद हिरव्या पानांत कॅरोटीन असते. त्यापासून सशाचे शरीर ‘अ’ जीवनसत्त्व तयार करते, व त्वचेचे वरचे थर निरोगी राहण्यास ते आवश्यक असते. क जीवनसत्त्व मात्र ससा स्वतःच बनवितो, त्यासाठी त्यास लिंबू-संत्री चारण्याचे प्रयोजन नाही.

असे असले तरी सशाचे मुख्य अन्न गवत होय. त्याच्या अंधांत्रातील सूक्ष्म जीव तंतुमय चाऱ्यावर जगतात. तेथे तयार झालेल्या मऊ गोळ्या ससा पुन्हा खातो आणि त्यांतून त्यास ब गटातील जीवनसत्त्वे व प्रथिने मिळतात. एकाएकी पुष्कळ भाजी घातल्यास ही व्यवस्था बिघडून हगवण लागते. म्हणून वाळलेले गवत अथवा हरळी सदैव पुढ्यात असावी. एक किलो वजनाच्या सशास दिवसाकाठी मोठी वाटीभर चिरलेला पाला पुरे. नवी भाजी एका वेळी एकच, थोडीथोडी द्यावी. पालक क्वचित द्यावा. कांदा, लसूण व बटाटा वर्ज्य. जबलपूर जिल्हा मटारासाठी प्रसिद्ध असल्याने हिवाळ्यात घरोघरी टरफलांचे ढीग पडतात. त्यांपैकी मूठभर टरफले चालतील, पण पिष्टमय दाणे नकोत. गुरांचा बरसीम चारा सहज मिळतो, परंतु त्यात कॅल्शियम फार असते. ससा अन्नातील बहुतेक कॅल्शियम शोषून घेतो आणि जास्तीचे मूत्रावाटे टाकतो. त्यामुळे वाढलेल्या सशास रोज बरसीम दिल्यास मूत्राशयात वाळू साचण्याचे भय असते.

आता मूळ प्रश्न. सशाच्या पाठीवर व मानेवर पडणारा कोंडा पुष्कळदा कोरडेपणाचा नसून एका अतिसूक्ष्म किड्याचा असतो. काळ्या कागदावर ससा धरून केस विंचरावेत व पडलेले पांढरे कण भिंगातून पाहावेत. त्यांतील काही कण हलताना दिसले तर तो हाच किडा समजावा. म्हणूनच या विकारास ‘चालता कोंडा’ म्हणतात. दुसऱ्या जातीचे किडे नाक, ओठ व पायांच्या बोटांवर खपल्या धरवितात, तर तिसऱ्या जातीचे कानांत दाट, तपकिरी थर साचवितात. यांवर कोणतीही भाजी चालत नाही. खरूज वाढू दिल्यास ससा खाणे सोडून खंगत जातो, आणि पहिल्या दोन जातींचे किडे हाताळणाऱ्या माणसासही खाज आणतात. पोळी-बिस्किटांनी स्थूल झालेला किंवा दात दुखणारा ससाही पाठ चाटू शकत नाही व तेथे कोंडा साचतो. त्याचा उपचार अर्थातच निराळा.

खोबरेल तेल चोळणे अथवा न्हाऊ घालणे, हे दोन्ही उपाय मायेपोटी केले जातात व दोन्ही अपायकारक आहेत. तेल तो चाटून टाकतो. पाण्यात घातल्यास भीतीने व थंडीने दगावू शकतो. कुत्र्यांसाठी विकल्या जाणाऱ्या फिप्रोनिलयुक्त औषधाने ससे मेले आहेत, म्हणून औषध पशुवैद्याच्या सल्ल्यानेच द्यावे. जबलपुरात पशुवैद्यकीय महाविद्यालय १९४८ पासून असून २००९ मध्ये तेथे नानाजी देशमुख यांच्या नावाचे पशुवैद्यकीय विद्यापीठ स्थापन झाले. खपल्या दिसल्यास, किंवा सशाने सुमारे बारा तास काहीच खाल्ले नाही तर, भाजी बदलून पाहण्यात वेळ न दवडता त्यास पशुवैद्याकडे न्यावे.