राजाचा चित्रकार, मित्राला टोपी!

मुलाचं नशीब सटवाई लिहिते म्हणतात. इस्माएल मेंग्सला तेवढा धीर नव्हता. १७२८ साली मुलगा झाला आणि त्यानं बारशालाच दोन इटालियन दिग्गज चित्रकारांची नावं पोराला चिकटवली: कोरेज्जोचं ‘आंतोन’ आणि ‘राफाएल’. जन्म मात्र गुपचूप. बाप ड्रेस्डेनच्या दरबारात चित्रकार, आई त्याचंच घर सांभाळणारी बाई, लग्नाचा पत्ता नाही. बोभाटा नको म्हणून बाळंतपण बोहेमियातल्या आउसिगला उरकलं.

तेराव्या वर्षी बापानं त्याला रोमला नेलं. दिवसभर व्हॅटिकनमध्ये राफाएल गिरवायचा, शिदोरीला पाव आणि पाणी, असं जुने चरित्रकार सांगतात. (आपल्याकडचे क्लासवाले बरे!) पण सतराव्या वर्षी पोरगा सॅक्सनीच्या दरबारात चित्रकार झाला.

कुमारी मेरीच्या चित्रासाठी समोर बसवलेल्या मार्गारिता गुआत्सीवरच जीव जडला. १७४९ मध्ये गडी कॅथलिक झाला, लग्न केलं. मुलं म्हणे वीस! त्यातली आना मारिया स्वतः चित्रकार झाली.

१७६१ साली रोमच्या व्हिला अल्बानीत त्यानं छतावर ‘पार्नासस’ रंगवलं. तोवर छत म्हणजे ढग, उडते देव, खालून दिसणारे तळपाय. मेंग्सनं ते सगळं काढून टाकलं. भिंतीवरचं चित्र उचलून आढ्याला डकवावं तसं ते दिसतं. नवअभिजात शैलीचा हा झेंडाच; मान दुखते ती आपली.

त्याच वर्षी स्पेनचा राजा तिसरा कार्लोस यानं त्याला माद्रिदला बोलावलं. पुढच्याच वर्षी व्हेनिसचा म्हातारा चित्रकार टिएपोलो तिथं आला. एका दरबारात दोन तलवारी! टिएपोलो १७७० मध्ये वारला, आणि अरान्हुएसच्या चर्चमधली त्याची चित्रं उतरवून मुख्य वेदीवर मेंग्सचं लागलं. पण तरुण चित्रकार गोयाला राजवाड्याच्या विणीव भिंतपडद्यांच्या नमुन्यांची कामं मिळाली ती मेंग्सच्याच वशिल्यानं, हेही त्याच्या खाती मांडायला हवं.

आता टोपीची गोष्ट. विंकेलमान हा प्राचीन कलेचा युरोपातला सर्वात मोठा जाणकार आणि मेंग्सचा जिगरी दोस्त. १७६० च्या सुमारास रोममध्ये एक ‘प्राचीन’ भित्तिचित्र उगवलं. सिंहासनावर दाढीवाला ज्युपिटर, समोर प्याला घेतलेला कोवळा गॅनिमीड, आणि देव त्याचं चुंबन घेण्याच्या बेतात. विंकेलमान विरघळला. १७६४ च्या आपल्या कलेतिहासाच्या ग्रंथात त्यानं चित्राची तोंडभरून स्तुती केली. चित्र रंगवणारा होता मेंग्स!

विंकेलमानचा १७६८ मध्ये त्रिएस्तला खून झाला. मेंग्सनं १७७९ मध्ये रोममध्ये डोळे मिटताना बहिणीला खरं सांगितलं म्हणतात. सात वर्षांनी जर्मन कवी गटे ते चित्र बघायला गेला, तेव्हा कबुलीची गोष्ट सगळ्यांना पटलेली नव्हती. काहींचं म्हणणं, हे राफाएलच्या हातचं मानायलाही जरा जास्तच सुंदर आहे.